कूलरपुढचं शेत

अशी फजिती वैऱ्याचीही होऊ नये! आणि बायकोची शप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे... तसा खराच. चवीपुरतं मीठ टाकलं असेल, नाही कसं म्हणू?

आमच्या दर्यापुरात रहीमचाचा गाद्या भरतात. आयुष्यभर रुई पिंजायच्या मशीनपाशी बसून त्यांचे कान गेले. त्यांची शिरीन अमरावतीला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिनं बापासाठीच प्रोजेक्ट धरला: कानात मावेल एवढं यंत्र. भोवतालचे आवाज ऐकून ते ओळखणार, माणूस बाजारात आहे की शेतात. बाजारात आवाज कमी करणार, शेतातल्या शुकशुकाटात वाढवणार.

"काका, मशीनले शिकवायले खरे आवाज लागतात," शिरीन मला म्हणाली. "बाजार मी रेकॉर्ड केला. शेत तुमी करून द्या. माह्यं पास-नापास याच्यावरच आहे."

मे महिना. बोंडअळीनं खाल्लेल्या माझ्या शेताकडे जायला तसंही मन होत नव्हतं, त्यात आमचं वऱ्हाडी ऊन! मी घरीच कूलरपुढं आडवा झालो, मोबाइल छातीवर ठेवला, आणि तोंडानं टिटवी काढली, बैल हाकले, पाण्याचा पंपही सुरू केला. काय कला हो! पोरगी खूश.

परीक्षेला चाचांसोबत मीही कॉलेजात गेलो. हॉलमध्ये हा भलामोठा कूलर घरघरत होता. शिरीननं यंत्र सुरू केलं. पडद्यावर उमटलं, 'शेत'. तिनं बाजाराचा आवाज लावला. 'शेत'! परीक्षक खोकले. 'शेत'!

"मग नांगर कुठं ठेवलाय तुमचा?" परीक्षकांनी विचारलं. शिरीनचं तोंड एवढंसं झालं.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. यंत्र माझी टिटवी नाही, माझा कूलर शिकलं होतं! मी शेजारी बसलेल्या पाहुण्याच्या कानात कुजबुजलो, "उन्हात कोन जाते जी? म्या सारं शेत कूलरपुढंच केलं."

यंत्र चाचांच्या कानात. शेत समजून त्यानं आवाज पुरा वाढवलेला. चाचा ताडकन उठले.

"काय बोल्ले देवरावभाऊ? कूलरपुढं? तुमी शेतात गेलेच नाही?"

सारा हॉल माझ्याकडे वळला! कोणीतरी कूलर बंद केला, आणि यंत्र मुकाट 'बाजार' म्हणालं. परीक्षक पोट धरून हसले, पोरगी पास झाली. पण परतताना जीपमध्ये ती एकच वाक्य बोलली: "काका, जमत नव्हतं त नाही म्हनाचं होतं."



आता रचलेलं तेवढं सांगतो. यंत्र चाचांच्या कानात नव्हतंच, टेबलावर पडलं होतं. आणि मी कुजबुजलोही नव्हतो. कूलरपुढं काढलेली माझी टिटवी किती हुबेहूब, हे त्या पाहुण्याला मी अशा रंगात येऊन सांगत होतो, की ठार बहिऱ्या माणसालाही यंत्राशिवाय ऐकू गेलं!