साखळीला करडईचं तेल

तापात यांचे पाय गेले तेव्हा आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. गिरणीतलं मागावरचं काम सुटलं. मग गिरणीच्या फाटकापाशी यांनी पानविडीची टपरी टाकली, पण तिथवर जायचं ते धाकट्या दिरांच्या पाठकुळी. येता-जाता लोक बघत. घरी आले की हे भिंतीकडं तोंड करून बसत.

शेवटी सायकलवाल्या मिस्त्रीनं दोन जुन्या सायकली जोडून हातानं फिरवायची तीनचाकी करून दिली. पहिल्याच दिवशी हे भोंगा व्हायच्या आत एकटे फाटकाशी पोचले. संध्याकाळी गल्लीत शिरताना घंटी एवढी वाजवली की शेजारणीचं तान्हं झोपेतून उठलं. ती बडबडली, बडबडू दे. मला ती घंटी गोडच लागली.

गाडीची निगा माझ्याकडं. रोज संध्याकाळी यांच्या पायांना करडईचं तेल चोळायची आणि वाटीत उरलेलं साखळीला घालायची. मिस्त्रीनं काळं तेल दिलं होतं, पण त्याचा वास मला सोसायचा नाही. ती बाटली मी फळीवर मागं सारून दिली. शहाणपणा अंगात फार!

उन्हाळा लागला आणि हे उशिरा यायला लागले. सदरा घामानं चिंब. विचारलं तर म्हणायचे, "वारं उलटं हाय." एका सकाळी मी पाणी भरून आले, तर हे बसल्या जागी वरवंटा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलत होते. खाली ठेवायचे, परत उचलायचे. मला बघून थांबले.

"पायाचं दुखनं हातात चढलंय बग. गाडी रेटंना आता. धाकट्याला सांग, उद्यापासनं पाठीवर न्ये म्हनावं."

पण मी दिरांकडं गेले नाही, गाडी ओढत मिस्त्रीकडं नेली. मलाही ती धड ओढवेना, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. मिस्त्रीनं साखळीला बोट लावलं तर ते चिकटलं.

"भाभी, करडी का तेल डाले क्या? पूऱ्या तलने के हैं?"

हे तेल सुकतं, त्याचा डिंक होतो, असं त्यानं समजावलं. मग साखळी रॉकेलनं धुऊन काळं तेल घातलं.

घरी येऊन मी सगळं सांगून टाकलं. "तुमच्या हातास्नी काय बी झालं न्हाई. माझ्या तेलानं घात केला."

यांनी गाडीत बसून दांडा फिरवला. गाडी अशी सुटली की तुळशीवर आदळता आदळता राहिली. हे थांबले, आपल्या हातांच्या तळव्यांकडं बघत राहिले आणि रडले. मला वाटलं होतं, रागावतील.

"त्ये तेल उरलंय का?"

"हाय की."

"मग आज पायाला ऱ्हाऊ दे. हाताला लाव."

मी वाटी घेऊन जमिनीवरच बसले. गाडीची निगा माझी, म्हणून इतके दिवस यांना गाडीचा संशयच आला नव्हता. दोष दिला तो स्वतःच्या हातांना.