दिव्याच्या जागी चांदणी

पायरीवरचा दिवा गेला म्हणून मी तिथे नाताळाची चांदणी टांगली. मूर्खपणा तो एवढाच. पण आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या माणसाने करू नये असा.

आमच्याकडे नाताळाच्या आधी गाणेकरी घरोघर फिरतात. कुठल्या घरात शिरायचं हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही, दारावरची कागदी चांदणी सांगते. ज्या घरावर दुःख कोसळलंय ते घर चांदणी लावत नाही, आणि गाणेकरी त्या दारावरून पेटी मिटून, मुकाट्याने पुढे जातात. यंदा आमच्या दारावरूनही त्यांनी असंच जावं, अशी माझी इच्छा होती.

गणपती झाले आणि माझ्या बायकोला, एस्तेरला, झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. उरला फक्त एक आवाज, ‘तं’. भूक लागली की तं, राग आला की तं, रडतानाही तं. तिला पाणी हवं असायचं, मी खिडकी उघडायचो. तिला कूस बदलायची असायची, मी तिच्या तोंडात बिस्कीट कोंबायचो. मग ती डोळे मिटून घ्यायची, आणि मी पडवीत जाऊन उभा राहायचो. समोर माडांच्या शेंड्यांवरून भाट्याची खाडी दिसते. लोक ती बघायला लांबून येतात. मला तिच्याकडे बघवत नसे.

देवाशी माझं बोलणं बंद नव्हतं, तेच वाईट होतं. बोलत होतो, पण ऐकणारा कुणी आहे असं वाटत नव्हतं. रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जायचो, कारण घरी बसणं त्याहून जड जायचं. बाकावर बसून सगळ्यांबरोबर ओठ हलवायचो. उपासना संपली की पाळकसाहेब विचारायचे, ‘कशी आहे एस्तेर?’ मी म्हणायचो, ‘प्रभूची कृपा.’ इतकं सराईत खोटं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. शेवटी त्यांना सांगून टाकलं, यंदा आमच्या घरी गाणी नकोत, करंज्या नकोत, काही नको. मनात म्हटलं, देवाचा मान राखायला घरात आधी कुणीतरी धड माणूस लागतं.

त्यात तो दिवा. शेजारच्या शेवंतावहिनी रोज संध्याकाळी माशाचं कालवण आणून द्यायच्या. दिवा गेला त्या संध्याकाळी आमच्या चिऱ्याच्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला.

‘भावजी, पायरीवर दिवा लावा ओ! माझं टाळकं फुटलं असतं, नि कालवण गेलं असतं ते वेगळंच!’

घरात दुसरा बल्ब नव्हता. माळ्यावर गेल्या वर्षीची चांदणी होती, आतल्या बल्बासकट. काढली, धूळ झटकली, खिळ्याला अडकवली. पायरी दिसायला लागली. माझ्या डोक्यात पायरीपलीकडे काहीही नव्हतं.

थोड्याच वेळात अंगणात पेटी वाजली.

मी धावत बाहेर गेलो. सगळे गाणेकरी उभे, पुढे मार्थाकाकू. मंडळीतली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात दांडग्या आवाजाची बाई. म्हटलं, ‘काकू, चुकून लागली हो. तो दिवा आहे.’

काकूंनी एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे. ‘चांदणी आहे ती. डोळे माझे गेलेत का तुझे?’ आणि मला बाजूला सारून त्या सरळ आत, एस्तेरच्या खाटेशी.

त्यांनी जुनं भजन धरलं. एस्तेर वर्षानुवर्षं याच घोळक्यात पुढे उभी राहून ते म्हणायची. मला ते ऐकवेना, म्हणून मी दाराकडे तोंड करून उभा राहिलो. दुसऱ्या कडव्याला मागून एक आवाज आला, जाडसर, घसरणारा. वळलो तर एस्तेरचे ओठ हलत होते. आणि त्यातून शब्द येत होते. तं नव्हे. अक्षरं जुळलेले, अर्थ असलेले शब्द, एकामागून एक, कडवं संपेपर्यंत.

इथे शहाण्या माणसाने गुडघे टेकले असते. मी खाटेवर चढलो आणि तिचे खांदे धरून ओरडलो, ‘एस्तेर, बोल! पाणी म्हण! माझं नाव घे!’

तिने तोंड उघडलं. ‘तं,’ म्हणाली. पुन्हा प्रयत्न केला. ‘तं.’ आणि ती अशी रडली, की पेटीवाल्याने पेटी मिटली.

‘अरे, ती काय पोपट आहे?’ काकू माझ्यावर खेकसल्या. ‘देवाने चिमूटभर दिलं, तर तू ओंजळ पुढे करतोस!’

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बोलणं गेलं तरी कधी कधी गाणं शिल्लक राहतं, मेंदूत त्याची जागा वेगळी असते. असेल. मी वाद घातला नाही. ती जागा कुणी राखून ठेवली, हेही विचारलं नाही.

नाताळ आला तसा गेला. एस्तेर भिंतीकडे तोंड करून पडून होती. गाणी ऐकवली तर कधी दोन शब्द यायचे, कधी दिवसभर काहीच नाही. मी काही एकदम विश्वासाचा खांब झालो नाही. पुष्कळ सकाळी अजूनही उठावंसं वाटत नाही. पण एवढं कळलं, की मी नको म्हटलेलं असताना, माझ्याच बावळटपणाच्या फटीतून देव आत आला होता. आता तिचं तोंड पुसताना, केस विंचरताना, अंथरूण बदलताना मला वाटतं, उपासना असलीच तर ती हीच असेल. आज काय मिळणार हे आपण ठरवायचं नाही, फक्त हात पुढे करायचे. हे मला पटलंय. जमत मात्र रोज नाही.

परवाच पाहा. दुपारी तिच्यासाठी पेज वाढली आणि जेवणाआधीची प्रार्थना सुरू केली. उपकार मानता मानता मी नेहमीप्रमाणे देवाला सल्ले देण्यावर आलो: आधी उजवा हात सोडव, मग पाय, मग जीभ, आणि जीभ सोडवशील तेव्हा पूर्ण वाक्यं दे. डोळे मिटून, सविस्तर. तेवढ्यात माझ्या मनगटावर तिचा डावा हात पडला.

‘गप... ऱ्हावा,’ एस्तेर म्हणाली. ‘पेज... निवली.’