बाजार शोधायला गेलो आणि शेळी घेऊन आलो

कारण म्हणाल तर अगदी येडपट. मी शब्दकोशाचं काम करतो आणि 'बाजार' या एका शब्दाने महिनाभर डोकं खाल्लं होतं. मूळचा फारसी हा गडी मलय भाषेत दोनदा शिरला, आधी 'पासार' होऊन, मग 'बाझार' म्हणून. पोलंडातही उघड्यावरच्या भाजी-कपड्यांच्या बाजाराला 'बाझार'च म्हणतात. म्हटलं, एकदा जुन्नरचा आठवडे बाजार तरी बघू.

पुण्याहून सकाळची पहिली एसटी धरा, म्हणजे नारायणगावला मिसळ खाऊनही दहापर्यंत जुन्नरला पोचता. वाटेवरच्या पेठ गावचा माझा मित्र दत्ता पिकअप घेऊन तिथेच येणार होता. तोवर मी जनावरांच्या बाजारात शिरलो.

डोंगरातल्या आहुपे गावचे एक बाबा म्हातारी शेळी घेऊन उभे होते. घराची कौलं बदलायची म्हणून विकायला काढलेली. दूध आटलेलं, त्यामुळे विचारत होते ते फक्त खाटीक, आणि बाबांना ती पाळणाऱ्यालाच द्यायची होती. मी चौकशी केली, तर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि वर टॉवेल टाकला. मला वाटलं, काय माया आहे राव! रंगात येऊन मी शब्दाचा प्रवास सांगू लागलो आणि त्यांचं एकेक बोट दाबत भाषा मोजल्या: फारसी, मलय, पोलिश, मराठी.

बाबांनी दोरी माझ्या हातात दिली. इथे भाव टॉवेलखाली बोटांनी ठरतो, चार बोटं म्हणजे चार हजार, हे शेजारच्याने तेव्हा सांगितलं. सौदा लपवायला लोक वर काहीबाही बोलतातच, त्यामुळे पोलंडचं कुणाला नवल वाटलं नाही.

मी नाही म्हणणार, तेवढ्यात बाबा हळूच म्हणाले, "पावणं, कापनार न्हाई ना? तेवढं सांगा, मंग आमी जातो."

नाही कापणार, पेठला दत्ताच्या गोठ्यात ठेवतो म्हणालो आणि एटीएम शोधत निघालो.

दत्ता पोट धरून हसला. पेठपर्यंत शेळीने माझ्या वहीतलं पोलिश पान खाल्लं, मलयला तोंडही लावलं नाही. तिला दत्ताच्या गोठ्यात बांधून मी घरी आलो. बायको आठवडाभर धड बोलली नाही.

परवा पेठला गेलो तर गोठ्यात बाबा! कौलं बसली होती. आहुप्याहून गाड्या बदलत आले होते आणि शेळीने त्यांच्या मांडीवर मान टाकली होती. मला पाहून ओशाळले.

"इकडं जरा काम व्हतं," म्हणाले.

पेठला त्यांचं कसलंही काम नव्हतं. मी त्यांचा हात हातात घेतला, वर माझा रुमाल टाकला आणि एकही बोट न दाबता दोरी परत दिली. त्यांनी बराच वेळ हात सोडला नाही. मग दत्ताने दोघांना पिकअपमध्ये घातलं.

घरी बायकोने शेळीचं विचारलं. विकली म्हणालो.

"केवढ्याला?"

मी रुमाल शोधू लागलो. तो बाबांकडेच राहिला होता.