झुलाल पेंटर कामावर जातो

झुलाल पेंटरने गिरणीतली नोकरी सोडली ती भोंग्यावर रागावून. मालकाशी त्याचं भांडण नव्हतं. पंडितनाना मुकादम तर भला माणूस. पण चौदा वर्षं झुलाल धुळ्याच्या त्या गिरणीत कापडाच्या गाठींवर मार्का रंगवत होता. एक मोर, मोराखाली नंबर, नंबराखाली गावाचं नाव. पुढची गाठ आली की पुन्हा मोर. सकाळी सातला भोंगा झाला की मोर सुरू, संध्याकाळी भोंगा झाला की मोर बंद. मधेच कधी एखादं देखणं अक्षर हाताशी येऊन उभं राही, पण गाठीवर त्याला जागा नसे. तिथे मोर बसलेला असे.

अडुसष्ट सालच्या दिवाळीनंतर त्याने राजीनामा दिला आणि देवपुरातल्या आपल्या घराच्या दारावर पाटी लावली : 'झुलाल पेंटर. बोर्ड, बॅनर, नंबरप्लेट.' बायकोला म्हणाला, "आता आपला भोंगा आपणच."

प्रमिलाबाईंनी पाटी वाचली आणि विचारलं, "मग तो वाजणार किती वाजता?"

तो वाजायचा साधारण नऊला. उठल्यावर चहा व्हायचा, मग शेजारून पेपर यायचा, पेपर वाचून झाला की आणखी एका चहाची वेळ झालेली असायची. अकराला ब्रश हातात घ्यावा तर ऊन डोळ्यावर येई. जेवणानंतर रंग काही लागत नाही, असं झुलालचं मत होतं. संध्याकाळी उजेड कमी. अशा तऱ्हेने दिवसभर स्वतःचा मालक राहून तो रात्री दमून झोपत असे.

हे बरं नाही, हे त्यालाही कळत होतं. म्हणून त्याने वेळापत्रक करायचं ठरवलं. कागदावर केलेलं वेळापत्रक माणूस पाळत नाही, म्हणून सरळ ओसरीच्या भिंतीवर, ऑइलपेंटमध्ये. भोवती वेलबुट्टी, अक्षरांना तांबडी सावली. 'सकाळी ६ : उठणे. ७ ते ११ : अक्षरे. १२ : भोजन.' चार दिवस लागले, आणि त्या चारही दिवशी तो नऊलाच उठला. पण काम असं उतरलं की गल्ली बघायला आली. शेजारच्या बेबाबाई वयाने मोठ्या, सगळ्या गल्लीच्या अक्का. त्यांनी भिंतीसमोर उभं राहून मान डोलावली आणि म्हणाल्या, "माझ्या जावयाच्या पिठाच्या चक्कीवर असंच काढून दे भाऊ. उठायची वेळ नको लिहू, तो उठतो."

अशात पौष-माघात त्याला मोठं काम मिळालं. नेमीचंद शेठ आग्रा रोडवर कापडाचं नवं दुकान काढणार होते. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त. बारा फुटी पत्र्याचा बोर्ड, देवनागरी अक्षरं, कडेला नक्षी. शेठ म्हणाले, "पेंटरसाब, बोर्ड चांगला झाला तर जळगाव, चाळीसगाव, जिथे आपली माणसं आहेत तिथले बोर्ड तुमचे. मुहूर्ताला दुकानावर बोर्ड पाहिजे. बस, एवढंच."

त्याच आठवड्यात पंडितनाना सायकल भिंतीला टेकवून ओसरीवर बसले. भिंत वाचून झाल्यावर म्हणाले, "मोर बिघडलेत रे. नवा माणूस कोंबड्या काढतो. तुझी जागा आखाजीपर्यंत धरून ठेवतो, त्यापुढे माझ्या हातात नाही."

पंडितनाना गेल्यावर प्रमिलाबाई म्हणाल्या, "आखाजीला बोर्ड चढला तर मी गिरणीचं नाव काढणार नाही. नाही चढला, तर दुसऱ्या दिवशी डबा भरून हातात देईन."

झुलालला हे कबूल होतं. पुढे तीन महिने पडले होते, आणि तीन महिन्यांत माणूस बारा फूटच काय, पांझरा नदीवरचा पूल रंगवील.

पण गल्लीचा हिशेब वेगळा होता. जो पुरुष सकाळी डबा घेऊन सायकलवर बाहेर पडतो तो कामाला जातो, आणि जो पडत नाही तो घरीच असतो. रॉकेलची गाडी आली की झुलालभाऊ रांगेत उभे, कारण ते घरीच तर आहेत. कोणाचा पाहुणा स्टँडवरून आणायचा, झुलालभाऊ मोकळेच. चैत्र लागला तसे बिबडे सुरू झाले. ज्वारीच्या पिठाचे हे ताटाएवढे पापड अंगणाअंगणात खाटांवर वाळत पडले. ते राखायला कोण? बायका आत पुढच्या बिबड्यांसाठी पिठाचा दुसरा घाट शिजवत होत्या.

"भाऊ, तू घरमाच शे ना?" बेबाबाई काठी पुढे करून म्हणायच्या. "बस जरा. बकरीवर ध्यान ठेव."

झुलालला नाही म्हणणं जमत नसे. तो काठी घेऊन बसे. आखाजीला नऊ दिवस राहिले तेव्हा बोर्डाची जमीन, म्हणजे अक्षरांखालचा रंग, देऊन अक्षरं आखून झाली होती, एवढंच. त्या दिवशी त्याला युक्ती सुचली. बोर्ड मागच्या पडवीत आणि बिबडे पुढच्या अंगणात, म्हणूनच तर घोळ होता. त्याने बोर्ड उचलून अंगणात आणला, दोन स्टुलांवर आडवा टाकला, काठी बगलेत धरली आणि अक्षरं भरायला बसला. चार तासांत निम्मा बोर्ड झाला. इतक्या महिन्यांत असा दिवस गेला नव्हता.

तीनच्या सुमाराला नदीकडून वावटळ आली. ती कोणाला न विचारता अंगणातून गेली आणि जाताना बेबाबाईंचे तीन अर्धओले बिबडे घेऊन गेली. दोन कुंपणात अडकले. तिसरा गरगरत आला आणि ओल्या बोर्डावर, 'वस्त्र' आणि 'भांडार' यांच्या बरोबर मधे बसला. वरून धूळ.

बेबाबाई धावत आल्या. बोर्डाकडे बघून हळहळल्या, "चांगला जाड होता रे तो बिबडा."

झुलालने तो सोलून काढेपर्यंत दारात नेमीचंद शेठ उभे. काम कुठवर आलं ते बघायला आले होते. त्यांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं. "पेंटरसाब, हा चंद्र आपण सांगितला नव्हता."

"बिबडा पडला, शेठ."

"आपल्या दुकानात साड्या, धोतर, लठ्ठा मिळेल. पापड नाही." शेठ रागावले नव्हते, हेच वाईट होतं. "जळगावचा एक पेंटर आहे. पाच दिवसांत तो देतो म्हणतो. परवा मी बघायला येतो. नाही जमलं तर सांगा, मन खट्टू करायचं नाही."

त्या रात्री झुलाल जेवला नाही. सकाळी गिरणीचा भोंगा झाला तेव्हा प्रमिलाबाईंनी त्याला हलवून उठवलं. बाहेर सायकल पुसून उभी होती आणि हँडलला पिशवीत डबा.

"अहो, आखाजीला आठ दिवस आहेत अजून," झुलाल घाबरून म्हणाला.

"आहेत ना. म्हणूनच भरला." मग त्यांनी त्याला हळू आवाजात पाच मिनिटं काहीतरी सांगितलं आणि दारात येऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सांभाळून जा. सुटल्यावर सरळ घरी या."

झुलाल सायकलवर बसला. बेबाबाई सडा टाकत होत्या, त्या हात थांबवून बघत राहिल्या. तो पुलावरून पलीकडे गेला, देवळाला वळसा घालून परत फिरला आणि मागच्या बोळातून येऊन परसातलं दार लोटून आपल्याच पडवीत शिरला. तिथे बोर्ड उभा होता आणि पडवीला गोणपाटाचा पडदा लागला होता.

आधी त्याने खराब भाग खरवडला. जमीन पुन्हा दिली. दहाच्या सुमाराला चहाची आठवण झाली तशी त्याने स्वयंपाकघराच्या दारावर हलकेच टकटक केली.

"कोण?"

"मी. चहा मिळेल?"

"ते कामावर गेलेत," आतून प्रमिलाबाई म्हणाल्या. "संध्याकाळी या."

बारा वाजता त्याने डबा उघडला. चुलीपासून चार पावलांवर बसून त्याने गार भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली, आणि ती त्याला चवदार लागली. ऊन गोणपाटामुळे डोळ्यावर येत नव्हतं. जेवणानंतर रंग लागतो, हेही त्याला कळलं. संध्याकाळी भोंगा झाल्यावर ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून तो मागच्या दाराने निघाला, पुलावरून फिरून पुढच्या दाराने घरी आला आणि खाटेवर टेकत म्हणाला, "दमलो बुवा." ज्या भोंग्यावर रागावून तो बाहेर पडला होता, तो आता त्याला घड्याळ म्हणून बरा वाटू लागला होता.

ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी शेठ आले. प्रमिलाबाईंनी त्यांना मागच्या बोळाने आणलं. शेठ बराच वेळ बघत राहिले आणि जळगावच्या पेंटरविषयी काही बोलले नाहीत.

रॉकेलची गाडी आली, गेली. आखाजीचा झोका लिंबाला बांधायचा होता, तो दुसऱ्या कोणीतरी बांधला. झुलालला कोणी हाक मारली नाही. शेवटून दुसऱ्या दिवशी नक्षी भरताना तो रंगात येऊन गुणगुणत होता. तेवढ्यात बोळात बकरीच्या मागे काठी घेऊन बेबाबाई आल्या. परसातलं दार उघडंच राहिलं होतं. दोघांची नजरानजर झाली. झुलालचा ब्रश हवेतच थांबला.

"अक्का..."

"बठ्ठं माले माहीत शे," बेबाबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून. टर्पिनचा वास काय पुलावरून येतो का? आख्ख्या गल्लीला येतो तो."

"मग बोलावलं नाही कोणी?"

बेबाबाईंना प्रश्नच समजला नाही. "कामावर गेलेल्या माणसाला कसं बोलवायचं रे भाऊ? तू घरी थोडाच होतास?" आणि जाताना त्यांनी परसातलं दार बाहेरून नीट ओढून घेतलं, बकरी आत येऊ नये म्हणून.

आखाजीच्या सकाळी मुहूर्ताला बोर्ड चढला. शेठनी हात जोडले आणि चाळीसगावच्या साडूंच्या दुकानाचं माप तिथेच चिठ्ठीवर लिहून दिलं. घरी येताना झुलालने सायकल पंडितनानांच्या दारात थांबवली, चौकटीत उभं राहूनच सांगितलं, "नाना, जागा देऊन टाका. नव्याला मोर मी एकदा शिकवून जाईन." नाना म्हणाले, "आखाजी आहे, पुरणपोळी खाऊन जा." तो खाऊन आला.

दुसऱ्या दिवशी सातला भोंगा झाला. भिंतीवरच्या वेळापत्रकात खिळा ठोकला होता, नेमका 'उठणे'च्या वर. त्यावरून डब्याची पिशवी काढून प्रमिलाबाईंनी हँडलला अडकवली. बेबाबाई दारातच होत्या.

"कामले निंघना का, भाऊ?"

"हो अक्का."

"येताना बाजारातून दोन शेर भेंडी लई येजो. तू त्या बाजूलाच जातोस ना."

 बेबाबाईंच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. त्या संध्याकाळी तो पडवीतून निघाला आणि पुलावरून परत न फिरता सरळ भाजीबाजारापर्यंत गेला. घरी यायला अर्धा तास उशीर झाला. प्रमिलाबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाला, "आज काम जास्त होतं."