एलेनीच्या गावाला

नागपूरच्या विमानतळावर बाबांना आत सोडलं नाही. काचेपलीकडून ते घास घेण्याची खूण करत राहिले, वेळेवर जेवत जा म्हणून. आईने आधीच बजावलं होतं, "पोचल्याबरोबर फोन करजो." मी डॉक्टर, आयर्लंडमध्ये कासलबारच्या हॉस्पिटलात नोकरी लागलेली, तरी सिक्युरिटीच्या रांगेत शाळकरी पोरीसारखी रडले. जे माझ्यासारखे निघालात, त्यांना हे सांगायला नको. जे मागे राहिलात, ते काचेच्या दुसऱ्या बाजूला होतात.

कासलबारला शेजार मिळाला एलेनीचा. नव्वदीला टेकलेली ग्रीक बाई, आयरिश नवरा गेल्यावर एकटीच राहणारी. कपाटाला इथे प्रेस म्हणतात आणि कसंही वाटत असलं तरी 'ग्रँड' म्हणायचं, हे मला तिने शिकवलं.

बाबा गेले तेव्हा मी वेळेत पोचू शकले नाही. अंत्यविधी फोनवर पाहिला. दुपारी एलेनी आली. हातात उकडलेल्या गव्हाची ताटली, वर साखर, बदाम, डाळिंबाचे दाणे. तिच्याकडे गेलेल्या माणसासाठी असं करतात.

"खा," म्हणाली. "माझ्या मावशीसाठी मूठभर गहूही मिळाला नव्हता."

मावशी गावची सुईण. महायुद्धात जर्मन सैन्याने देश घेतला तेव्हा एलेनी कोवळी पोर होती. वर डोंगरात लढणारी मुलं गावातलीच. बाळंतपणाला निघालेल्या सुईणीला नाक्यावरचे शिपाई सहसा अडवत नसत, म्हणून जखमी मुलांची औषधं तिच्याबरोबर जात. एलेनी मदतीला. वाटेत खरी बाळंतपणंही होत; पाणी तापवायचं काम एलेनीचं.

एकदा नाक्यावर नवा अधिकारी आला आणि टोपली उपसायला लागला. त्या दिवशी तळाशी डोंगरातल्या मुलांसाठी काडतुसंही होती. मावशी एलेनीवर खेकसली, "आळशी कुठली! तिकडे बाई कळा देतेय आणि तू इथे उभी! पळ!" शिपायाने एलेनीला जाऊ दिलं. औषधं एलेनीच्याच झग्याच्या अस्तरात शिवलेली होती. ती तिने डोंगरात पोचवली. मावशीला त्याच दिवशी चौकात गोळी घातली.

पुढे युद्ध संपलं, पण देशात आपसातच लढाई पेटली. डोंगरातल्या मुलांना मदत करणारे आता देशद्रोही ठरले. एलेनीला एका ओसाड बेटावर कैदेत टाकलं. चुकले म्हण आणि घरी जा, असं तिला रोज सांगत. ती म्हणाली नाही.

"मी चुकले म्हटलं असतं, तर मावशीही चुकलीच ठरली असती ना?"

सुटल्यावर इंग्लंडला गेली, कपडे शिवले, तिथे भेटलेल्या आयरिश माणसाशी लग्न करून इकडे आली. गावी पुन्हा गेलीच नाही.

"जावंसं वाटत नाही?" मी विचारलं.

"वाटतं. पण कुणी ओळखलंच नाही तर?"

पुढच्या उन्हाळ्यात मी तिला घेऊन गेले. बाबांसाठी पोचता आलं नव्हतं. निदान हिला पोचवू, असं वाटलं.

चौकात संगमरवरी दगड होता. त्यावर मावशीचं नाव. एलेनी ते बोटांनी चाचपत होती, तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी जवळ आली. दोघींचं बोलणं एलेनी मला इंग्रजीत सांगत होती.

"या सुईणीनेच मला जगात आणलं," म्हातारी म्हणाली. "आई सांगायची, बरोबर एक पोरगी होती."

"मीच ती! तू रडतच नव्हतीस. मावशीने तुला पायाला धरून उलटं केलं, तेव्हा कुठे तोंड उघडलंस."

दोघी हसल्या आणि मग एकमेकींच्या गळ्यात पडून खूप रडल्या.

संध्याकाळी मी विचारलं, "राहायचं का इथेच?"

"नको गं. मन भरलं माझं. आता घरी जाऊ. तिकडे पाऊस पडत असेल, खिडक्या नीट लावल्यात ना आपण?"

गेल्या हिवाळ्यात एलेनी गेली. नागपूर सोडल्याची टोचणी माझ्या मनातून तिने केव्हा काढून टाकली, मला कळलंही नाही. तिचे आभार मानायचे राहिले असं मात्र नाही. ते मी तिच्या जिवंतपणीच, पुन्हा पुन्हा मानले, आणि दर वेळी ती "ग्रँड, ग्रँड" म्हणत मला उडवून लावायची.

परवा आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "घरी कधी येऊन राहिलीस?" मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात येते घरी." मग हॉस्पिटलातून निघताना नवऱ्याला, इथे कासलबारलाच भेटलेल्या, फोन केला, "घरी येतेय." दोन्ही वेळा शब्द एकच होता, आणि दोन्ही वेळा खरा होता.