ताइफच्या तळ्याचा मसऊल

तळ्यावर नोकरी करणाऱ्या माणसाकडे मासे कमी आणि किस्सेच जास्त जमतात! जेद्दाला आमची कोकणातली मंडळी जमली की बिर्याणीच्या टोपावरचं झाकण काढायच्या आधी कोणीतरी विचारतंच, "नाझिम, तळ्याची काय खबर?" मग मी सुरू होतो. बायको फोनवर म्हणते, "तुम्ही तिथे काम करता की नुसत्या गप्पा गोळा करता?" दोन्ही करतो बाई! गप्पा नसत्या तर इथे दिवस गेला असता का?

तर आधी आमचं तळं सांगतो. ताइफच्या बाहेर, डोंगरात, माणसाने खोदलेलं. खाली प्लास्टिक अंथरलेलं, वर पाणी, आणि पाण्यात विकत आणून सोडलेले मासे. लोक जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारच्या सुट्टीला, बायकापोरं घेऊन येतात, गळ टाकतात, मासा धरून फोटो काढतात. मासे दाटीवाटीने भरलेले, म्हणून पाण्यात हवा मारणारी मशीनं लागतात. एरेटर. उन्हाळ्यात ती खोल पाण्यात चालतात. हिवाळ्यात मात्र उथळ बाजूला आणावी लागतात, नाहीतर तळाचं ऊबदार पाणी ढवळून वर येतं, थंड होतं आणि मासे गारठून मरतात.

आणि उथळ बाजू कुठली? जिथे पोरं खेळतात तीच! पाण्यात वीज, काठावर पोरं. कोणाला काही झालं तर जबाबदार कोण? आमच्याकडे जे काही घडतं ते या एका प्रश्नापायी घडतं.

* * *

विमा कंपनीने अट घातली की हिवाळाभर तळ्यावर एक मसऊल पाहिजे. मसऊल म्हणजे जबाबदार माणूस. गिऱ्हाईक काठावर असेपर्यंत त्याने मशीनच्या स्विचजवळून हलायचं नाही. पोर पडलं, मासे मेले, मशीन थांबलं, काहीही झालं तरी मान त्याची.

आमचे मॅनेजर अबू फहद. त्यांना सगळे मुदीर म्हणतात. त्यांनी आम्हा सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि विचारलं, "तुमच्यापैकी पोहायला कोणाला येतं?"

मी म्हसळ्याचा, डोंगरातला. मला विहिरीत डोकावायलाही भीती वाटते. बाकीचे हुशार, बुटांकडे बघत राहिले. पण आमचे हसनचाचा पडले दाभोळचे! जन्म खाडीत गेलेला. पोहायला येतं का, असं दाभोळच्या माणसाला विचारायचं? चाचांनी झटकन हात वर केला. "मुदीर, आमच्याकडे पोरं आधी पोहतात, मग चालायला शिकतात!"

"खलास," अबू फहद म्हणाले. "तू मसऊल!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चाचा छाती फुगवून फिरले. संध्याकाळी कळलं की हिवाळा संपेपर्यंत मसऊलला सुट्टी नाही, आणि चाचांचं तोंड एवढंसं झालं. कारण त्यांच्या रेहानाचं लग्न हिवाळ्यातच ठरलं होतं. नवरामुलगा जहाजावर नोकरीला, त्याची रजा तेवढीच. एकुलती एक पोर, आणि तिचं सगळं बालपण चाचांनी फोनवर ऐकलेलं. निदान निकाहला तरी तिच्या समोर असावं, एवढंच त्या माणसाला हवं होतं.

* * *

आता आमचे वकीलसाहेब. इजिप्तचे. त्यांना आम्ही उस्ताद म्हणतो. कंपनीवर काही शेकू नये म्हणून ठेवलेले. ताइफमध्ये कितीही ऊन असो, कोट अंगावर. स्वभाव असा की स्वतःच्या अंगावर माशीसुद्धा बसू देणार नाहीत!

एकदा मी त्यांना चहा केला. विचारलं, "उस्ताद, साखर घालू?"

म्हणाले, "तो निर्णय तुमचा."

"कमी घालू की जास्त?"

"मी काहीही सुचवलेलं नाही."

मी बिनसाखरेचा दिला. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि कप तसाच खाली ठेवला. तक्रार केली नाही हो! तक्रार केली तर आपलं मत दिल्यासारखं होतं ना!

गिऱ्हाइकाने आत येताना सही करायची, की मी माझ्या जबाबदारीवर मासे पकडतोय. ते काम उस्तादांचं. एक म्हातारेबाबा आले, पांढरी दाढी, हातात लांबलचक गळ. त्यांनी विचारलं, "मासा मोठा निघाला आणि त्याने मलाच पाण्यात ओढलं, तर जबाबदार कोण?"

उस्तादांनी जराही विचार केला नाही. "मासा!"

म्हातारेबाबा इतके खूश झाले की त्यांनी सही करून उस्तादांच्या कपाळाचा मुका घेतला.

* * *

विमा कंपनीचे नियम कुठल्यातरी थंड देशातून उचललेले. तिकडे म्हणे तळं गोठतं, आणि मशीन चालू ठेवलं की आजूबाजूचा बर्फ पातळ होऊन माणसं खाली जातात. म्हणून नियमात लिहिलेलं, बोर्ड लावा. उस्ताद म्हणाले, नियमात आहे म्हणजे आहे. लागला की बोर्ड! "सावधान! मशीन चालू आहे. बर्फ पातळ आहे." अरबीत, इंग्रजीत, आणि खाली घसरून पडणाऱ्या माणसाचं चित्र.

त्या जुम्म्याला रियाधच्या अल मलाझ मोहल्ल्यातून एक कुटुंब आलं. एवढा लांबचा प्रवास, पोरांच्या अंगात जाडजूड जॅकेटं, हातमोजे, कानटोप्या. बाप बोर्डासमोर उभा राहिला, मग पाण्याकडे बघितलं, मग परत बोर्डाकडे.

"बर्फ कुठाय?"

चाचा म्हणाले, "बर्फ नाही."

"मग बोर्डावर पातळ आहे असं का लिहिलंय?"

चाचांनी शांतपणे उत्तर दिलं, "फारच पातळ आहे, साहेब!"

* * *

जेवणाचं सांगायचं राहिलं. तळ्यातले मासे आम्हाला फुकट. जगात असं सुख कोणाला मिळतं? पण चाचा कधी तोंडाला लावणार नाहीत. "ह्याला मासा म्हणतात? ह्याला भरती माहीत नाही, ओहोटी माहीत नाही. हा दिवसभर प्लास्टिकवर फिरतो!" असं म्हणून वरण-भात जेवायचे.

एकदा मी मुद्दाम चिंचेचा कोळ, लसूण, तिखट लावून तव्यावर खरपूस तळून दिला. चाचांनी एक तुकडा मोडला, नाकाशी धरला आणि तसाच बसून राहिला माणूस. मी म्हटलं, "काय झालं, चाचा? तिखट कमी पडलं का?"

"नाही रे. वास बरोबर आलाय," ते म्हणाले. "रेहानाची अम्मी असंच करते."

नंतर आम्ही दोघंही नीट जेवलो नाही. मलाही माझं घर आठवलं. खोटं कशाला बोलू?

* * *

आणि एका सकाळी खरंच बर्फ धरला! ताइफची थंडी कधीकधी अशी पडते. तळ्याच्या काठाला, जिथे पाणी हलत नाही तिथे, काचेसारखी पातळ पापडी. आम्ही सगळे पोरांसारखे धावलो. उस्ताद कोट घालून आले आणि बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाले, "मी काही म्हटलं होतं का? नाही. नियमात होतं."

चाचांनी घाईघाईने व्हिडिओ कॉल लावला. "रेहाना, हे बघ बर्फ! तुझ्या अब्बाच्या पायाशी बर्फ!"

आम्हाला वाटलं, पोरगी हसेल. ती बघत राहिली आणि म्हणाली, "अब्बा, तुम्ही एवढ्या थंडीत उभे राहता? तुम्ही तर सांगायचात, तिकडे मस्त ऊन असतं."

चाचांनी पटकन कॅमेरा डोंगराकडे फिरवला. "आहे ना ऊन. ते बघ, तिकडे आहे."

* * *

सुट्टीसाठी चाचांनी सगळं करून बघितलं. मुदीरना भेटले. अबू फहद माणूस वाईट नाही, पण त्यांचेही हात बांधलेले. म्हणाले, "हसन, मलाही मुली आहेत. तुझ्या जागी पोहणारा माणूस आण, तुझी एक्झिट री-एंट्री, जाऊन परत यायचा व्हिसा, मी स्वतः करून देतो."

मग आमचं संशोधन सुरू झालं! फोनवर फोन. शेवटी जेद्दाहून एक मिळाला. मूळचा हर्णैचा, बंदरावर कामाला, दंडाला पिळदार स्नायू. येताना चाचांसाठी खजूर घेऊन आला. चाचांनी त्याला मिठीच मारली. आनंदाच्या भरात रेहानाला फोनही करून टाकला, "बेटा, मी येतोय!"

अट अशी, की मुदीरसमोर तळ्याच्या या काठावरून त्या काठाला पोहून दाखवायचं. पठ्ठ्याने शर्ट काढला, बाह्या नसलेलं बनियन काढलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि पाण्यात एक पाय घातला.

पाय तसाच बाहेर काढला. शांतपणे बनियन घातलं, शर्ट घातला, बटणं लावली.

"चाचा," तो म्हणाला, "पोरीचं लग्न उन्हाळ्यात करा!"

आम्ही पोट धरधरून हसलो. चाचाही हसले. मग तोंड धुवायला म्हणून गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. घरी परत फोन करायचा होता ना, येत नाही म्हणून.

* * *

निकाह जुम्म्याला ठरला. दाभोळला असरच्या नमाजानंतर, म्हणजे आमच्याकडे भर दुपार. आणि जुम्म्याची दुपार म्हणजे तळ्यावर जत्रा! काठावर बसायला जागा नाही. चाचा नवीन कुर्ता घालून, अत्तर लावून, स्विचजवळ उभे. मी बाजूला फोन धरून. उस्ताद त्यांच्या कोटात, नेहमीसारखे तपासणीला आलेले.

तिकडे चाचींनी फोन बायकांच्या खोलीत नेला होता. रेहाना मधोमध बसलेली, डोक्यावरून पदर. फक्त मेंदीचे हात दिसत होते. तिचे मामू दोन साक्षीदारांना घेऊन आत आले, पोरीची मर्जी विचारायला.

आणि ऐकू काय येतंय? घर्रर्र, घर्रर्र! मशीन तिथेच, पाण्याचे फवारे तिथेच. मामूंचे ओठ हलताना दिसतात, आवाज नाही. चाचांनी फोन कानाला लावला, काढला, परत लावला. "जोरात! अहो, जोरात बोला!" तिथून हलायची सोय नाही, काठावर पोरं.

उस्तादांनी मला विचारलं, "हा का ओरडतोय?"

मी म्हटलं, "त्याच्या मुलीचा निकाह चाललाय. आता ती कबूल म्हणेल. त्याला ऐकू येत नाहीये."

उस्तादांनी फोनकडे बघितलं, मग मशीनकडे. मत मात्र त्यांना द्यायचं नसतं.

पडद्यावर मामू वाकले. रेहानाने मान थोडी वर केली. आणि चाचांनी हात लांबवून स्विच बंद केला.

हिवाळ्यात, गिऱ्हाईक असताना, मशीन बंद! सगळं तळं गप्प झालं. गळ टाकून बसलेली माणसं माना वळवून बघायला लागली. एवढ्या शांततेत फोनमधून बारीक आवाज आला.

"कबूल."

मामूंनी परत विचारलं. परत तोच आवाज, या वेळी रडवेला. "कबूल." आणि तिसऱ्यांदा. चाचांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं आणि हात अजून स्विचवरच होता. तो हात काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

मशीन थांबलं की ऑफिसात लाल दिवा लागतो, तो लागला असणार. अबू फहद धावत आले, धाप लागलेली, डोक्यावरचा रुमाल एका खांद्यावर घसरलेला.

"मशीन कोणी बंद केलं?"

चाचांनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी उस्ताद पुढे झाले, आणि कोटाचं बटण लावत म्हणाले, "मी."