सुशीलाचं मिरची कांडप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या कानबाई देवीला ठाऊक असेल, पण ती बोलत नाही. तुम्हाला सांगतो — मध्ये मध्ये दम खावा लागेल, तेवढं सांभाळून घ्या.

म्हसावदला आमचं घर. पडवीत माझ्या बायकोचं, सुशीलाचं, मिरची कांडपाचं मशीन होतं. आजूबाजूच्या बायका वर्षाचं तिखट तिच्याकडूनच करून न्यायच्या. मशीन सुरू झालं की अख्खी गल्ली शिंकायची, आणि ही नाकाला पदर बांधून राणीसारखी उभी. मला ती तेव्हा फार आवडायची. कधी म्हणालो का? नाही.

मी सिगारेट ओढायचो. एका श्रावणात घरी कानबाई बसली, नैवेद्याचे रोट झाले, आणि सगळ्या भाऊबंदांसमोर सुशीलाने मला बोलायला लावलं — आजपासून बिडी-सिगारेटला शिवणार नाही. शिवलोही नाही! सुरतेहून एका ओळखीच्याने पेनासारखं ते वेपचं यंत्र आणून दिलं. त्याच्यावर बंदी आहे, हे माहीत होतं. पण त्यात ना काडी, ना राख. नुसती वाफ, आंब्याच्या वासाची. मग शपथ कुठे मोडली? देवीशीही वकिली करणारा माणूस मी.

काही वर्षांनी खोकला लागला. जिना चढलो की छातीत शिट्टी वाजायची. नंदुरबारच्या डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं — काय फुंकणार, कपाळ? फुफ्फुसं बरीच कमजोर झालीत, म्हणाले. काही ओढता का?

मी तोंड उघडायच्या आत सुशीला म्हणाली, "ह्या बिडीले हातबी लावतस नहीं. कानबाईम्होरे शपथ लियेल शे." मग खाली बघत, "मन्हं मिरची कांडप शे घरमा. तेन्हामुयेच व्हयी."

आमच्याकडे कुणीही खोकलं की बोट मिरचीकडेच जातं. डॉक्टरांनीही मान हलवली. आणि मी? मी खोकलो. जरा जास्तच जोरात.

तिने मशीन विकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना — आणि इथे चोर टेम्पोत मशीन चढवायला हात लावत होता. त्या दिवशी ती रिकामी पडवी झाडत राहिली. झाडलेलंच पुन्हा झाडत राहिली.

मशीन गेलं, खोकला राहिला. पुढच्या खेपेला नळीत आणखी कमी फुंकलं गेलं. डॉक्टर बुचकळ्यात पडले. शब्द अगदी ओठांशी आला होता... गिळला. रोज सोडायचं म्हणतो, आणि म्हणता म्हणता खिसा चाचपतो.

आता ती दुसऱ्याच्या मिरचीच्या पथारीवर, उघड्या मैदानात वाळत घातलेल्या मिरच्यांचे देठ खुडायला जाते. कधीकाळी स्वतःचं मशीन असलेली बाई. संध्याकाळी आली की थेट घरात येत नाही. मला ठसका लागेल म्हणून मागच्या मोरीत न्हाते, साडी बदलते, आणि दाराबाहेर उभी राहून विचारते.

काल थंडी होती. ती न्हाऊन आली, केस ओले. "येवू का घरमा?"

मी नुकताच झुरका ओढला होता. खोलीभर आंब्याचा वास. तो जायला वेळ हवा होता.

"थांब," मी म्हणालो. "आजून तिखटना वास यी ऱ्हायना."

ती पुन्हा मोरीकडे वळली. गार पाण्याचा तांब्या अंगावर ओतल्याचा आवाज मी आत बसून ऐकला.